उघड्या छताची स्पोर्ट्स कार ट्रॅकवर नेताना रोलबारच्या बाबतीत या चुका टाळा

सकाळचे सात वाजले होते. दक्षिण न्यू जर्सीतल्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक डे, म्हणजे स्वतःची गाडी आणून चालवण्याचा दिवस होता. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, रांग लागली होती आणि तपासनीस माझ्या 2001 सालच्या माझदा मियाटाभोवती फिरत होते. चाकांचे नट, ब्रेकचे दिवे, बॅटरीची पकड असे सगळे तपासून झाल्यावर त्यांनी मला हेल्मेट घालून आणि पट्टा बांधून सीटवर बसायला सांगितले, आणि टेबलाला टेकवून ठेवलेला झाडूचा नुसता दांडा उचलला. त्याचे एक टोक त्यांनी माझ्या पाठीमागच्या चकचकीत कमानीवर ठेवले आणि दुसरे टोक समोरच्या काचेच्या चौकटीवर टेकवू लागले, पण ते टेकेचना. दांडा माझ्या हेल्मेटवर अडला होता. "ही कमान शोभेची आहे, आणि तुमचे डोके तिच्याही वर निघते," एवढे बोलून त्यांनी अर्जावर फुली मारली. भरलेले शुल्क गेले आणि तो दिवस मी कुंपणाशी उभा राहून इतरांच्या फेऱ्या मोजण्यात घालवला.

राग आला होता, पण तो तपासनिसांवर काढण्यासारखा नव्हता. रोलबार म्हणजे गाडी उलटली तर डोके वाचवण्यासाठी सीटमागे बसवलेली पोलादी नळ्यांची कमान. गाडी विकणाऱ्याने जिला 'रोलबार' म्हटले, तिला मी डोळे झाकून रोलबार मानले होते. त्यानंतर काही वर्षे मियाटा, बॉक्स्टर, एस 2000 अशा गाड्या घेऊन येणाऱ्या नवख्या मंडळींना मदत करताना जे दिसले त्यावरून एक गोष्ट पक्की झाली आहे: बहुतेक जण पाइपचा विचार करतात, डोक्याभोवतीच्या जागेचा करीत नाहीत. गाडी उलटल्यावर ती जागा शिल्लक राहिली तर माणूस वाचतो. रोलबार, सीट, पट्टे, पॅडिंग आणि गाडीच्या फरशीचा, म्हणजे तळाचा पत्रा ही सगळी ती जागा राखण्याची साधने आहेत, आणि त्यांतले एक जरी कच्चे असले तरी उरलेल्यांचा फारसा उपयोग राहत नाही.

"इतकी बुटकी गाडी उलटत नाही" असे मानणे

हे निम्मे खरे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. मियाटाचा गुरुत्वमध्य खाली असतो, त्यामुळे सपाट डांबरावर गाडी आडवी घसरली तरी उलटण्याआधी टायरची पकड सुटते आणि ती गोल फिरून थांबते. परंतु ट्रॅकच्या कडेला डांबर संपते. तिथे पावसाने मऊ झालेले गवत असते, खडीचा पट्टा असतो, किंवा उंच कर्ब असतो. आडव्या घसरणाऱ्या गाडीचे चाक तिथे रुतले की गाडीचा खालचा भाग जागीच अडतो आणि वरचा पुढे जात राहतो. धावता माणूस दगडाला ठेचकाळून कोलमडतो तसेच हे आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या सांगण्यानुसार रस्त्यावर एकट्याने उलटणाऱ्या वाहनांपैकी सुमारे 95 टक्के वाहने अशी कशाला तरी अडखळून उलटतात. तेव्हा गाडी किती बुटकी आहे यापेक्षा ती डांबर सोडताना सरळ आहे की आडवी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

इथे चालकाची नेहमीची चूक अशी, की वळणातून बाहेर पडताना दोन चाके गवतात गेली की तो घाबरून स्टीअरिंग झटक्यात आत ओढतो. पुढचे चाक डांबरावर येताच पकड एकदम परत मिळते आणि गाडी आडवी होऊन ट्रॅक ओलांडून पलीकडच्या मातीत शिरते. चाके बाहेर गेली तर स्टीअरिंग सरळ धरून वेग उतरू द्यावा आणि मग हळूच परत यावे. गाडी फिरूच लागली असेल तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरावेत, म्हणजे तिचा मार्ग मागून येणाऱ्यांनाही ओळखता येतो.

शोभेच्या कमानीला रोलबार समजणे

बाजारात सीटच्या मागे बसवायच्या सुंदर कमानी मिळतात. त्यांना क्रोमची चकाकी असते, मधे वारा अडवणारी पारदर्शक पट्टी असते, आणि त्या कमानी सीटबेल्टच्या खुंटाच्या मूळच्या बोल्टांवरच अर्ध्या तासात बसतात. माझी तशीच होती. अशी कमान ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही. तिला मागे जाणारे पाय आहेत का आणि मधे तिरपी नळी आहे का, एवढे पाहावे.

लग्नाचा मांडव घालताना दोन खांब आणि वर आडवा वासा एवढ्यावर कोणी थांबत नाही, तणावे ओढून बांधतात. नाहीतर एका धक्क्यात सगळे एका अंगाला झुकते. रोलबारचे तसेच आहे. मुख्य कमान वरून येणारे वजन पेलू शकते, पण उलटणारी गाडी सरळ वरून पडत नाही. ती आडवी आदळते, तेव्हा चौकोनाचा समांतरभुज चौकोन होऊ नये म्हणून चालकाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून विरुद्ध बाजूच्या पायाकडे जाणारी तिरपी नळी लागते. गाडी उलट्या अवस्थेत पुढे सरकते, तेव्हा कमान मागे लोळू नये म्हणून मागे जाणारे दोन पाय लागतात. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या परिशिष्ट 'जे'मधील कलम 253 नुसार हे पाय उभ्या रेषेशी किमान 30 अंशांचा कोन करणारे असावेत. त्याच कलमात मुख्य कमानीसाठी 45 मि.मी. व्यासाची व 2.5 मि.मी. जाडीची, किंवा 50 मि.मी. व्यासाची व 2 मि.मी. जाडीची, बिनजोड थंड ओढलेली कार्बन पोलादी नळी सांगितली आहे. नळी वाकवताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नसावी. नाहीतर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि नळी नेमकी तिथेच मोडते. ट्रॅक डेला हे सारे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत, परंतु एखादी कमान यांच्या आसपासही येत नसेल तर तिच्यावर डोके सोपवू नये.

नळीची जाडी बाहेरून दिसत नाही, हा यातला खरा त्रास आहे. अमेरिकेतील एससीसीए या स्पोर्ट्स कार क्लबच्या शर्यतींत म्हणूनच नळीला कमी ताणाच्या जागी सुमारे 5 मि.मी.चे तपासणी-छिद्र पाडलेले असावे लागते. जुनी गाडी बसवलेल्या बारसह घेत असाल आणि असे छिद्र असेल, तर वाकवलेल्या तारेने जाडी मोजून घ्यावी. छिद्र नसेल तर बनवणाऱ्याचे नाव, नळीचे माप आणि शक्य असल्यास पावती मागावी. "गावातल्या चांगल्या वेल्डरने केला आहे" या उत्तरावर मी आता गाडी घेत नाही.

बळकट कमानीलाही एखादा प्रसंग नमवतो, हे 2022 साली सिल्व्हरस्टोनला दिसले. फॉर्म्युला वनच्या ब्रिटिश ग्रां प्री शर्यतीत पहिल्याच वळणाआधी चिनी चालक चौ ग्वानयूची अल्फा रोमिओ उलटली आणि डोक्यामागची तिची कमान जमिनीवर घासताना तुटून गेली. चालकाला वाचवले ते 2018 पासून सक्तीच्या झालेल्या हेलोने, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्याने. त्यानंतर एफआयएने 2023 साठी नियम बदलले. कमानीचा माथा गोलाकार असावा, म्हणजे तो जमिनीत नांगरासारखा रुतणार नाही, आणि पुढच्या दिशेनेही जोर लावून तिची चाचणी व्हावी, असे ठरले. चाचणीतल्या भारांचे एवढे गणित करणाऱ्या खेळाला हे शिकावे लागले, तर अर्ध्या तासात बसणाऱ्या कमानीकडून काय अपेक्षा ठेवायची?

कारखान्यातून आलेले सगळे पुरेसे आहे असे धरून चालणे

छतांच्या मजबुतीचे एफएमव्हीएसएस 216 हे अमेरिकी मानक साध्या मोटारींच्या छताने गाडीच्या वजनाच्या तिप्पट भार पेलावा असे सांगते, पण कन्व्हर्टिबल गाड्या त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे उघड्या गाडीत उलटण्यापासून किती संरक्षण द्यायचे हे बरेचसे बनवणाऱ्याच्या इच्छेवर राहते, आणि म्हणूनच गाडीगणिक फरक दिसतो. पोर्श बॉक्स्टरमध्ये सीटांच्या मागे पोलादी कमानी कायमच्या बसवलेल्या असतात. होंडा एस 2000 आणि बीएमडब्ल्यू झेड 4 यांतही स्थिर कमानी आहेत. मियाटाच्या पहिल्या दोन पिढ्यांत अशी कोणतीही व्यवस्था नाही. तिसऱ्या पिढीपासून सीटमागे प्लॅस्टिकने मढवलेल्या छोट्या कमानी आल्या, पण त्यांना पुरेशा मानायचे की नाही यावर आयोजकांत एकमत नाही, आणि माझे मत विचाराल तर उंच माणसासाठी त्या पुरेशा नाहीत. एस 2000 ची अडचणही तीच आहे: कमान भक्कम आहे, परंतु सहा फुटी माणसाने हेल्मेट घातले की ते तिच्या वर निघते. बॉक्स्टरच्या मूळ कमानीवर घट्ट बसणारी उंच जोडकमान विकत मिळते, आणि तो उपाय चांगला आहे.

उसळून वर येणाऱ्या कमानींची गोष्ट निराळी. 1989 च्या मर्सिडीज एसएलमध्ये ही व्यवस्था आली. सेन्सरला गाडी उलटते आहे असे कळले की मागची कमान सुमारे 0.3 सेकंदात उभी राहते. पुढे अनेक चार आसनी उघड्या गाड्यांनी हा मार्ग घेतला. ट्रॅकवर येणारे लोक इथे एक चूक हमखास करतात. ते मूळ सीट काढून शर्यतीची सीट बसवतात, सीटखालची एअरबॅगची जोडणी सुटते, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि त्याकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष होते. अनेक गाड्यांत त्याच संगणकावर कमान अवलंबून असते. तो दिवा लागलेला असताना ती वर येईलच असे समजू नये. काही आयोजक उसळणाऱ्या कमानी मान्यच करीत नाहीत, म्हणून शुल्क भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

हार्डटॉपबद्दलही असाच गैरसमज आहे. मियाटाचे काढता येणारे हार्डटॉप कड्यांवर बसते. ते ऊन, वारा आणि थंडी अडवते, गाडीचे वजन अडवण्यासाठी ते बनवलेले नाही. बटण दाबून घडी होणाऱ्या धातूच्या छतालाही बहुतेक ठिकाणी स्थिर छताचा दर्जा मिळत नाही.

दांड्याची कसोटी ट्रॅकवर पोहोचल्यावर पहिल्यांदा देणे

ज्याला झाडूच्या दांड्याची कसोटी म्हणतात ती अगदी साधी आहे. कमानीचा माथा आणि समोरच्या काचेच्या चौकटीचा माथा यांना जोडणारी सरळ रेषा धरायची, आणि बसलेल्या चालकाचे हेल्मेट त्या रेषेच्या खाली राहिले पाहिजे. किती खाली, हे आयोजकागणिक बदलते. काही ठिकाणी नुसते रेषेखाली असले तरी चालते, पुष्कळ ठिकाणी 5 सें.मी. मागतात. काही जण मियाटासारख्या गाडीच्या काचेच्या चौकटीवर भरवसाच ठेवत नाहीत, आणि दांड्याचे पुढचे टोक थेट बॉनेटच्या पुढच्या भागावर टेकवतात. ती कसोटी फार कडक असते.

मोजणी घरी करावी, आणि ती प्रामाणिक असावी. पाठ सीटला पूर्ण टेकलेली, पट्टा घट्ट, हात स्टीअरिंगवर, नजर पुढे. इतरांचे पाहून सांगतो, दांडा जवळ येताच माणूस नकळत खांदे पाडतो आणि मान आत घेतो. अशाने तपासनीस फसतील, गाडी उलटल्यावर जमीन फसणार नाही. उलट त्या वेळी शरीर पट्ट्यांना लोंबकळते, पट्टे ताणतात, सीटचा फोम सुटतो आणि डोके बसल्या जागेवरून छताच्या दिशेने सरकते. ते 5 सें.मी. या सरकण्यासाठी राखीव असतात.

मोजल्यावर दोन-तीन सेंटिमीटर कमी पडले तर बहुतेकांच्या मनात पहिला विचार उंच बार घेण्याचा येतो. इथे थोडे गणित करून पाहावे. समजा कमान आणि काचेची चौकट यांत 100 सें.मी. अंतर आहे आणि हेल्मेटचा माथा कमानीच्या 25 सें.मी. पुढे आहे. कमान 4 सें.मी.ने उंच केली तर रेषा डोक्यापाशी फक्त 3 सें.मी. वर जाते, कारण तिचे दुसरे टोक चौकटीला बांधलेले आहे. सीट मात्र 3 सें.मी.ने खाली घेतली तर पूर्ण 3 सें.मी. मिळतात, वजनही खाली जाते आणि कापडी छत मिटण्यात अडथळा येत नाही. मियाटावाले यासाठी मूळ सीटचे कव्हर काढून बुडाखालचा फोम धारदार सुरीने कापतात. त्यातून अडीच ते पाच सेंटिमीटर निघतात. मी माझी सीट अशीच एका शनिवारी गॅरेजमध्ये उघडली. कापताना एक पथ्य पाळावे: मांड्यांखालचा पुढचा उंचवटा ठेवावा आणि फक्त बसण्याचा खड्डा खोल करावा, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. तेवढ्याने भागले नाही तर फरशीला लागून बसणारी अखंड पाठीची सीट घ्यावी. पाठ मागे कलती करून डोके खाली आणण्याचा मोह होतो, पण मग खांद्याचा पट्टा नीट बसत नाही आणि हेल्मेटचा मागचा भाग बारच्या जवळ जातो, म्हणजे एक दोष झाकताना दुसरे दोन तयार होतात.

शेजारच्या सीटचीही मोजणी करायला विसरू नये. नवख्या चालकाशेजारी प्रशिक्षक बसतो, आणि तो तुमच्यापेक्षा उंच असू शकतो. माझ्या ओळखीतल्या एका डोंबिवलीकराची मियाटा स्वतःच्या बाजूने सहज उत्तीर्ण झाली, कारण तो पाच फूट चार इंच. पण त्याला नेमून दिलेले प्रशिक्षक सहा फूट तीन इंचांचे निघाले आणि त्यांनी बसायला नम्रपणे नकार दिला.

रोलबार नाही आणि हार्नेस आहे

ही चूक सर्वांत सुबुद्ध माणसे करतात, कारण तिचा हेतू सुरक्षिततेचा असतो. सहा पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये माणूस सीटला जखडलेला राहतो, गाडीवरचा ताबा सुधारतो, हे खरे. परंतु उघड्या गाडीत मागे नीट रोलबार नसेल, तर उलटल्यावर ताठ जखडलेले धड आणि मान हाच गाडीचा सर्वांत उंच भाग ठरतो. साध्या तीन बिंदूंच्या पट्ट्यात धडाला निदान बाजूला कलंडायला वाव असतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी रोलबार, मग हार्नेसला योग्य अशी अखंड पाठीची सीट, मग हार्नेस, आणि त्याबरोबरच मान धरणारे हॅन्ससारखे साधन. पैशांअभावी थांबायचे झाले तर मूळ तीन बिंदूंच्या पट्ट्यावर थांबावे. रोलबार आणि तो पट्टा ही जोडी पूर्ण आहे, हार्नेस एकटा अपुरा आहे. 'हार्नेस बार' नावाची आडवी नळी मिळते, तिला मात्र रोलबार म्हणू नये. ती फक्त पट्टे अडकवायला असते.

खांद्याचे पट्टे बारच्या आडव्या नळीकडे जाताना आडवे किंवा 20 अंशांपर्यंत खाली उतरते असावेत. त्याहून खाली, फरशीला बांधले तर आदळताना ते मणक्याला खाली दाबतात. पट्ट्यांना मुदत असते, हेही पाहावे: एसएफआय या अमेरिकी मानक संस्थेच्या 16.1 प्रकारच्या पट्ट्यांची मुदत दोन वर्षे, आणि एफआयए 8853-2016 च्या पट्ट्यांवर मुदत संपण्याचे वर्ष छापलेलेच असते. उन्हात उभ्या राहणाऱ्या उघड्या गाडीत पट्ट्यांचे धागे बंद गाडीपेक्षा लवकर जीर्ण होतात, आणि ते हाताला कळते. पट्टा कागदासारखा कडक लागू लागला की मुदत उरली असली तरी बदलावा. अनेक क्लबांत आणखी एक नियम असतो, चालकाला जे पट्टे तेच प्रशिक्षकाला. एकच हार्नेस घेऊन पैसे वाचवल्यासारखे वाटते आणि तपासणीच्या टेबलावर ते अडकतात.

पॅडिंगच्या नावाखाली पाण्याच्या नळाचे वेष्टन लावणे

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पाइपवरचे काळे मऊ वेष्टन बोटाने दाबले की छान दबते. तोच त्याचा दोष आहे. वेगात येणारे हेल्मेट ते क्षणात पूर्ण दाबून थेट पोलादावर आदळते. एसएफआय 45.1 किंवा एफआयए 8857-2001 असे चिन्ह असलेले पॅडिंग अंगठ्याने जेमतेम दबते, आणि हातात घेतल्यावर चुकीचे काहीतरी आले आहे असे वाटण्याइतके कडक असते. ते हेल्मेट जिथे जिथे पोहोचू शकेल तिथे लावावे, नुसते कमानीच्या मधोमध नव्हे.

याला जोडूनच एक मुद्दा आहे. तीच गाडी घेऊन तुम्ही सोमवारी कामावर जात असाल, तर डोक्यावर हेल्मेट नसते. मागून धडक बसली की उघडे डोके मागे जाते, आणि वाटेत पोलादी नळी असेल तर जीव वाचवायला बसवलेली वस्तूच इजा करते. रस्त्यावर वापरायच्या गाडीत म्हणून सीट इतकी मागे ठेवू नये की डोके टेकल्यावर बारला लागेल, आणि दाराच्या वरून पुढे जाणाऱ्या नळ्यांचा पूर्ण पिंजरा तर बसवूच नये. पुण्या-मुंबईत बॉक्स्टर किंवा झेड 4 बाळगणाऱ्या आणि ती घेऊन चेन्नईचा, कोइम्बतूरचा किंवा ग्रेटर नोएडाचा ट्रॅक गाठणाऱ्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावे: मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. नोंदणी असलेल्या गाडीत बार बसवण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, किंवा ट्रॅकची गाडी निराळी ठेवून ती ट्रेलरवर न्यावी.

पत्रा न पाहता बोल्ट आवळणे

बार कितीही जाड असो, तो शेवटी गाडीच्या पत्र्यावर उभा असतो. गाडी उलटते तेव्हा तिचे सारे वजन कमानीच्या पायांच्या तळाशी एकवटते आणि तळ लहान असेल तर तो पत्र्यातून आरपार घुसतो. एफआयए त्यासाठी मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान 3 मि.मी. जाडीची आणि 120 चौ.सें.मी. क्षेत्रफळाची पोलादी पट्टी, आणि किमान 8.8 दर्जाचे एम 8 बोल्ट मागते. पत्र्याच्या वरून एक पट्टी आणि खालून दुसरी, मधे पत्रा, अशी सांडशीसारखी पकड असावी. नुसते मोठे वॉशर पुरत नाहीत.

जुन्या मियाटात या जागेचा एक खास रोग आहे. कापडी छतावरचे पावसाचे पाणी सीटमागच्या दोन बारीक नळ्यांतून खाली निघून जाते. त्या नळ्यांत पाने आणि माती साठली की पाणी तुंबते, पट्ट्यांच्या खुंटापाशी गालिच्यात मुरते आणि दाराखालच्या पोकळ कण्यात उतरून तो आतून कुजवते. मी माझ्या गाडीचा गालिचा उचलला तेव्हा खाली ओली, आंबूस वास येणारी लोकर निघाली. प्लॅस्टिक-वेष्टित तार नळीत सारल्यावर आधी काळा चिखल आला, मग कुजलेली पाने, आणि मग पेलाभर पाणी भळकन गाडीखाली सांडले. सुदैवाने पत्र्यावर वरवरचाच गंज होता. तारेच्या ब्रशने तो काढून, गंजरोधक लावूनच पुढचे काम केले. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहावे: निरोगी पत्रा टणटण वाजतो, कुजलेला 'भद्द' आवाज करतो. असा आवाज आला तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड केल्याशिवाय बार बसवण्यात अर्थ नाही.

बसवल्यानंतर पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरांत बार करकरू लागला, तर बहुतेक वेळा दोषी रबर किंवा गालिच्याचा तुकडा असतो, जो पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये अडकून राहिला आहे. तो दबत जातो आणि बोल्ट सैल पडतात. अशा वेळी नुसते आवळू नये. सोडून, स्वच्छ करून, धातूवर धातू बसवून टॉर्क पान्याने आवळावे आणि प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या खेपेस तो फिरला का हे नजरेने कळते. बार बसवल्यावर मूळ पट्टा आत ओढला जात नसेल तर त्याचे रीळ तिरके बसले आहे. ते गाडी कारखान्यातून आली तेव्हाच्या कोनातच हवे, कारण आतली कुलुपासारखी कळ गुरुत्वाकर्षणावर चालते.

हात, छत आणि हेल्मेट

बंद गाडीत छत आणि दार जे काम करतात ते उघड्या गाडीत कोणीच करीत नाही, म्हणजे हात आत ठेवण्याचे. उलटताना हात आपोआप वर किंवा बाहेर जातात आणि गाडीखाली सापडतात. छत उघडे ठेवून चालवायचे असेल तर हार्नेसच्या कुलुपाला जोडलेले मनगटपट्टे वापरावेत, ज्यांची लांबी स्टीअरिंग आणि गिअरपर्यंत हात पोहोचेल पण कमानीच्या वर जाणार नाही इतकीच ठेवतात. ते नसतील तर कापडी छत लावून चालवावे. कापड वजन पेलत नाही, परंतु हात आणि उडती खडी काही प्रमाणात अडवते. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए मालिकेतले, म्हणजे मोटार शर्यतींसाठीचे घ्यावे. मोटारसायकलच्या एम मालिकेत आगरोधक अस्तराची अट नसते आणि रोलबारवर आदळण्याची जी वेगळी चाचणी एसएमध्ये असते तीही नसते. एसए मानक साधारण दर पाच वर्षांनी नवे येते, आणि बहुतेक आयोजक चालू व त्याच्या आधीचे चालवून घेतात.

उलट्या गाडीत पट्टा आधी सोडणे

गाडी थांबल्यावर पहिली उबळ पट्टा सोडण्याची येते. तसे केले तर पूर्ण शरीराचे वजन घेऊन माणूस मानेवर पडतो, आणि बारने वाचवलेली मान तिथे दुखावते. आग नसेल तर इंजिन बंद करून, हात आत ठेवून मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे मदतनीस येईपर्यंत लोंबकळत थांबावे. मागून येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत रांगत बाहेर पडण्यापेक्षा ते सुरक्षित असते. धूर किंवा पेट्रोलचा वास आला तर मात्र थांबू नये. एक हात डोक्याच्या वर, म्हणजे त्या वेळी खाली असलेल्या जमिनीवर घट्ट रोवावा, पाय पेडलांपाशी पाय ठेवण्याच्या जागेच्या बाजूंना दाबावेत, मग दुसऱ्या हाताने कुलूप फिरवावे आणि खांद्यावर उतरावे. बाहेर पडण्याची फट कमान आणि दाराचा कठडा यांच्यामध्ये असते, आणि ती कोणत्या बाजूला मोठी आहे हे आधीच पाहून ठेवलेले बरे.

हे मी दर हंगामाच्या सुरुवातीला गॅरेजमध्ये करून पाहतो: हेल्मेट, हातमोजे, डोळे मिटलेले, आणि बाहेर मोबाइलवर सेकंद मोजणारी बायको. पहिल्या खेपेस कुलूप सापडायलाच सतरा सेकंद लागले, कारण मनगटपट्ट्याची कडी त्याच्या वर येऊन बसली होती. आता ती डावीकडे वळवून अडकवतो.